जुन्या मोटारसायकलीची नाममुद्रा आणि तिचें रक्षण



आजच्या भाषणाचा विषय कांहीं जणांना फारच किरकोळ वाटेल. जीर्णोद्धार केलेल्या जुन्या मोटारसायकलीच्या टाकीवर जें नांव आणि जें चिन्ह असतें, त्याचें रक्षण कसें करावें, एवढाच हा प्रश्न आहे. इंजिनाविषयीं बोलावें, चाकांविषयीं बोलावें. पण टाकीवरच्या चार बोटें रुंद चित्राविषयीं इतका वेळ काय बोलायचें, असें आपण म्हणाल. ह्यावर माझें उत्तर असें कीं, जुन्या गाडीचा बाकीचा बहुतेक भाग पुन्हां घडवितां येतो. पिस्टन नवा बसवितां येतो, चाकाच्या तारा बदलतां येतात, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करतां येतो. परंतु कारखान्यांतून निघतांना गाडीच्या अंगावर जी नाममुद्रा उमटविलेली असते, ती एकदां पुसली गेली म्हणजे तिची नक्कल मिळते. ती स्वतः पुन्हां मिळत नाहीं. आणि खेदाची गोष्ट ही कीं, ती बहुधा शत्रूच्या हातून पुसली जात नाहीं. गाडीवर प्रेम करणाऱ्या मालकाच्या हातूनच पुसली जाते.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करूं. टाकीवरील ज्या चित्राला आपल्याकडचे रंगारी सरसकट 'स्टिकर' म्हणतात, त्याला इंग्लंडांत 'ट्रान्स्फर' आणि अमेरिकेंत 'डिकल' म्हणतात. 'डिकल' हा शब्द मूळचा फ्रेंच. कागदावरील चित्र दुसऱ्या वस्तूवर उतरविणें, हा त्याचा भावार्थ. एकोणिसाव्या शतकांत मातीचीं भांडीं, लांकडी पेट्या, घरांतील सामान ह्यांवर अशीं चित्रें उतरविण्याचा छंद युरोपांत इतका बोकाळला कीं, त्या कलेच्या नांवाच्या शेवटीं 'वेड' ह्या अर्थाचा शब्दच जोडला गेला. पुढें शिवणयंत्रें, सायकली आणि मोटारसायकली काढणाऱ्या कारखान्यांनीं ती कला उचलली. आपल्या घरीं आजीच्या वेळचें काळें शिवणयंत्र असेल, तर त्याच्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी नीट पाहा. ती ह्याच जातीची आहे. आणि आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानांत येईल. जेथें कापड रोज सरकत होतें, जेथें शिवणाऱ्या बाईचा हात रोज लागत होता, तेथें सोनें पार झिजलेलें आहे, आणि पाठीमागच्या बाजूस तें अजून झळकत आहे. नाममुद्रा कशानें मरते आणि कशानें जगते, ह्याचा पहिला धडा त्या शिवणयंत्रावरच लिहिलेला आहे.

मोटारसायकलीवर आढळणारीं हीं चित्रें मुख्यतः तीन जातींचीं असतात. पहिली जात रोगणानें चिकटविण्याची. ह्यांत चित्र कागदावर उलटें छापलेलें असतें. त्याच्या तोंडावर सोनेरी कामाच्या चिकट रोगणाचा पातळ हात द्यावयाचा, तें बोटाला किंचित् चिकटूं लागलें म्हणजे चित्र पालथें टाकीवर दाबावयाचें, आणि मग मागचा कागद पाण्यानें भिजवून काढून टाकावयाचा. जुन्या इंग्रजी गाड्यांवरील सोनेरी नांवें पुष्कळदां ह्या तऱ्हेचीं आहेत. दुसरी जात पाण्यांत सरकणाऱ्या चित्रांची. कागदावर डिंकाचा किंवा खळीचा थर, त्याच्यावर रोगणाचा पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर किंवा त्याच्या पोटांत चित्र. कोमट पाण्यांत ठेवलें कीं डिंक सुटतो आणि पापुद्रा अलगद सरकतो. तिसरी जात अलीकडची, म्हणजे पाठीस गोंद लावलेल्या व्हिनाइलच्या स्टिकरची. ह्याशिवाय कांहीं रेषा आणि कांहीं अक्षरें हातानें, कुंचल्यानें काढलेलीं असतात; बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेषांची कीर्ति आपण ऐकलीच आहे. आपल्या गाडीवरचें काम ह्यांपैकीं कोणत्या जातीचें आहे, हें ओळखल्यावांचून त्याच्या रक्षणाचा विचार करूं नये. औषध देण्यापूर्वीं रोग्याची प्रकृति पाहावी, तसेंच हें आहे.

आतां कोणी विचारील कीं, नक्कल जर हुबेहूब मिळते, तर मूळ चित्रासाठीं एवढा जीव कां टाकावा? ह्याचें कारण, ही नाममुद्रा म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो एक दाखला आहे. एक उदाहरण देतों. हॉवर्ड डेव्हिस नांवाच्या इंग्रज शर्यतपटूनें आपल्याच नांवाच्या आद्याक्षरांवरून 'एचआरडी' ह्या नांवानें मोटारसायकली काढल्या, आणि १९२५ सालीं स्वतःच्याच गाडीवर आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. १९२८ सालीं फिलिप व्हिन्सेंट ह्यानें तें नांव विकत घेतलें, आणि पुढें स्टीव्हनेज येथें तयार होणाऱ्या त्याच्या गाड्यांवर दोन्ही नांवें झळकूं लागलीं. परंतु अमेरिकेंत 'एचआरडी' हीं अक्षरें वाचून लोकांना ती हार्ले-डेव्हिडसन कंपनीची गाडी वाटे. म्हणून १९४९-५० च्या सुमारास तीं अक्षरें गाळण्यांत आलीं आणि नुसतें 'व्हिन्सेंट' राहिलें. म्हणजे पाहा, टाकीवरील तीन अक्षरांत एका माणसाचा विजय, एक खरेदी आणि समुद्रापलीकडची बाजारपेठ, एवढा इतिहास सांठविलेला आहे. उद्यां कोणी ती टाकी खरवडून तिच्यावर अधिक देखणें म्हणून दुसऱ्या सालचें चित्र लावलें, तर गाडी चकचकीत दिसेल. परंतु तिची साक्ष खोटी ठरेल.

आपल्या देशांतहि असेंच आहे. मुंबईच्या इराणी कुटुंबाच्या उद्योगांतून मैसूर येथें आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला; १९६१ पासून तेथें जावा गाड्या तयार होऊं लागल्या आणि १९७३ पासून त्या कारखान्याच्या गाड्यांवर 'येझ्दी' हें नांव आलें. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें एन्फील्ड इंडियाच्या गाड्या होऊं लागल्या. ती कंपनी १९५५ सालची. त्यापूर्वींच्या गाड्या इंग्लंडांतील रेडिच येथून येत. घरांतली जुनी गाडी रेडिचची कीं मद्रासची, जावा कीं येझ्दी, हें पाहूं जातां आपली नजर प्रथम टाकीवरच जाते.

ह्याला आतां कायद्याचेंहि अंग आलें आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जे नियम केले, त्यांप्रमाणें ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि जिच्यांत मोठे फेरफार झालेले नाहींत, अशी दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. १९६६ सालीं स्थापन झालेल्या 'फिवा' ह्या जागतिक वाहनसंघानें २०१२ सालीं 'तुरिन सनद' मान्य केली. जुन्या वाहनाला हात लावावयाचा तर शक्य तितका कमी लावावा, जें मूळ आहे तें राखावें आणि जें केलें त्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. जुन्या वास्तूंसाठीं १९६४ च्या व्हेनिस सनदेनें जो मार्ग घालून दिला, त्याचाच हा पुढचा टप्पा होय.

असो. आतां ह्या नाममुद्रेचे शत्रु कोण, तें पाहूं.

पहिला शत्रु पेट्रोल. टाकीचें झांकण आणि टाकीवरचें नांव ह्यांच्यामध्यें वीतभर अंतर असतें, आणि उतार नेमका नांवाकडे असतो. पेट्रोल हें उत्तम द्रावक आहे. मेण तें विरघळवितें आणि साध्या डब्यांतून फवारलेलें पुष्कळसें रोगण तें मऊ करतें. शिवाय आजचें पेट्रोल पूर्वींचें नाहीं. आपल्या देशांत त्यांत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. मद्यार्क लाखेचें रोगण विरघळवितो हें प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. तो हवेंतील ओलहि शोषून घेतो. त्यामुळें टाकीला आंतून गंज चढतो, सुईच्या अग्राएवढीं छिद्रें पडतात, आणि पेट्रोल पाझरून रंगाला मागच्या बाजूनें उचलतें. वरून कितीहि रोगण चढविलें तरी आंतून आलेल्या ह्या शत्रूपुढें तें निरुपयोगी आहे. म्हणून रंगाला हात लावण्यापूर्वीं टाकीची गळती तपासून घ्यावी, हा पहिला नियम.

दुसरा शत्रु घर्षण. स्वाराचे गुडघे, कमरेच्या पट्ट्याचें बक्कल, टाकीवर ठेवलेली पिशवी, आणि सर्वांत वाईट म्हणजे गाडी टेम्पोंतून नेतांना टाकीवरून आवळलेला दोर. तिसरा शत्रु ऊन. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरण रंगद्रव्य फिकें करतात. तांबड्या आणि पिवळ्या रंगांना त्यांचा त्रास विशेष होतो. चौथा शत्रु ओल. मुंबई-कोंकणाच्या पावसाळ्यांत ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचें आवरण घातलें म्हणजे आंत वाफ कोंडते आणि चित्राच्या कडा फुगतात.

आणि पांचवा शत्रु, मघाशीं म्हटल्याप्रमाणें, मालकाचें प्रेम. रविवारीं सकाळीं फडकें आणि पॉलिश घेऊन बसणारा हौशी गृहस्थ आपल्या परीनें गाडीची सेवाच करीत असतो. परंतु पुष्कळशा पॉलिशांत बारीक खर असते. सोन्याचा वर्ख किती पातळ असतो म्हणाल, तर एका मिलिमीटरचे दहा हजार भाग करावे, त्यांतल्या एका भागाच्या आसपास! त्याच्यावरचें रोगण एकदां झिजलें कीं चार रविवारांत अक्षर नाहींसें होतें. दंतमंजन लावून टाकी चमकविण्याची युक्ति कोणी सांगितली, तर तिच्याकडे साफ दुर्लक्ष करावें. जेथें वर्खाऐवजीं पितळेची पूड वापरलेली असते, तेथें वरचें रोगण गेलें कीं हवा लागून ती काळवंडते. सोनें झिजतें पण काळें पडत नाहीं. पितळ काळें पडतें. हा फरक पाहून आपल्या गाडीवरचें काम कशाचें आहे तेंहि ओळखतां येतें.

शत्रु असे पांच. मग सहज मनांत येतें कीं, एखादा कायमचा लेप द्यावा आणि निर्धास्त व्हावें. आपल्याकडे देवाच्या मूर्तीला वज्रलेप देतात, तसा गाडीच्या नांवाला कां देऊं नये? येथेंच ह्या विषयांतली खरी अडचण आहे, आणि तिच्याकडे मी आपलें लक्ष विशेषेंकरून वेधूं इच्छितों.

वस्तुसंग्रहालयांतील तज्ज्ञांचा एक नियम असा आहे कीं, जुन्या वस्तूवर जें लावावें तें पुढें काढतां आलें पाहिजे. त्यांच्या वापरांत 'पॅरालॉइड बी-७२' नांवाचें एक ॲक्रिलिक राळेसारखें द्रव्य आहे. तें पिवळें पडत नाहीं आणि ॲसिटोननें पुन्हां विरघळतें. म्हणून त्यांच्या दृष्टीनें तें उत्तम. पण तेंच आपण रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीच्या टाकीवर लावलें तर काय होईल? तें सुमारें ४० अंश सेल्सियसला मऊ पडूं लागतें, आणि आपल्या उन्हाळ्यांत काळ्या टाकीला तर हात टेकवत नाहीं. शिवाय पेट्रोलमधील टोल्यूइनसारखीं द्रव्यें त्याला विरघळवितात. याच्या उलट, दोन डब्यांतलीं द्रव्यें मिसळून होणारें आजचें पॉलियुरेथेन रोगण घेतलें, तर तें पेट्रोलला बऱ्याच अंशीं दाद देत नाहीं. पण एकदां घट्ट झालें कीं चित्राला न दुखवितां तें परत काढणें जवळजवळ अशक्य असतें. तात्पर्य काय? जें उद्यां सहज काढतां येतें, तें आज पेट्रोलपुढें टिकत नाहीं. आणि जें पेट्रोलपुढें टिकतें, तें उद्यां काढतां येत नाहीं. दोन्ही गुण एकाच लेपांत मागणें म्हणजे गाय मारक्या बैलाएवढी दांडगी आणि तरी दोहायला गरीब असावी, असें म्हणण्यासारखें आहे.

म्हणून लेप कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा कीं, आपल्या टाकीवरची नाममुद्रा मूळची आहे कीं नव्यानें लावलेली? मूळची असेल तर तिचें रक्षण मुख्यतः आपल्या वागणुकीनें करावें. नवी असेल तर तिचें रक्षण रोगणानें करावें. ह्या एका वाक्यांत माझें सर्व भाषण आलें. आतां त्याचा थोडा विस्तार करतों.

आधीं नव्या चित्राविषयीं. पुष्कळ गाड्यांचा मूळ रंग केव्हांच नाहींसा झालेला असतो, आणि जीर्णोद्धारांत नवा रंग व नवें चित्र लावावेंच लागतें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. अशा कामासाठीं इंग्लंडांत १९४६ सालीं स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबसारख्या संस्था जुन्या नमुन्यांवरून तयार केलेलीं चित्रें पुरवितात. आपण मागवाल तेव्हां एक जोडी अधिक मागवा. कारण पहिली जोडी टाकीवर लावण्यासाठीं नाहींच. ती परीक्षेसाठीं आहे. एखादा निरुपयोगी मडगार्ड किंवा पत्र्याचा तुकडा घेऊन त्याच्यावर टाकीसारखाच रंग, तेंच चित्र आणि तेंच रोगण लावावें. रोगण पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर पेट्रोलनें भिजविलेला कापसाचा बोळा दहा मिनिटें ठेवावा. सुरकुती पडली, कड उचलली, रंग सुटला, तर तें पत्र्याच्या तुकड्यावर सुटलें, टाकी वांचली. रंगाऱ्याला ह्या परीक्षेचा कंटाळा येईल. परंतु आपण आग्रह सोडूं नये.

प्रत्यक्ष कामांत क्रम असा ठेवावा. रंगावर प्रथम पारदर्शक रोगणाचा एक थर द्यावा, तो पुरता वाळूं द्यावा, आणि ८०० ते १००० नंबरच्या वॉटर पेपरनें पाण्यांत हलकेंच घांसून सपाट करावा. ह्या सपाट तळावर चित्र बसवावें. टाकीच्या दोन्ही बाजूंस शिवणीपासूनचीं अंतरें मोजून बारीक खुणा कराव्या. नाहींतर एका बाजूचें नांव वर आणि दुसऱ्या बाजूचें खालीं असा प्रकार होतो. चित्र पाण्यानें सरकवून बसवीत असल्यास मधून कडेकडे मऊ कुंचल्यानें पाणी लोटीत जावें, म्हणजे बुडबुडा राहत नाहीं. नंतर, आणि हें फार महत्त्वाचें आहे, चित्राभोवतीं उरलेला डिंक कोमट पाण्यानें अगदीं हलक्या हातानें टिपून काढावा. हा डिंक डोळ्यांना दिसत नाहीं. पण वाळतांना तो आक्रसतो आणि वरच्या रोगणाला तडे पाडतो. महिन्या-दोन महिन्यांनीं नांवाभोवतीं जाळें दिसूं लागलें, तर तें बहुधा ह्या राहिलेल्या डिंकाचें काम असतें.

चित्र किमान एक दिवस, पावसाळ्यांत दोन-तीन दिवस, आणि रोगणानें चिकटविलेलें असेल तर त्याहूनहि अधिक काळ वाळूं द्यावें. मग रोगणाचा पहिला हात दंवासारखा पडावा; ओला, जाड हात पहिल्यांदाच दिला तर त्यांतील तीव्र द्रावक चित्राला सुरकुतवितो. असे दोन-तीन विरळ हात, मध्यें विश्रांति, आणि मगच भरीव हात. चित्राची कड बोटाला लागत असेल तर वाळल्यावर पुन्हां हलकें घांसून आणखी एक हात द्यावा. कड रोगणांत बुडाली म्हणजे फडक्यानें उचलली जाण्याचें भय संपलें. जंबुपार किरण अडविणारें रोगण मिळतें, तें घ्यावें.

येथें गृहस्थाश्रमी श्रोत्यांना एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. दोन डब्यांच्या रोगणांतील घट्ट करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ आणि तुषार श्वासांत गेल्यास दम्यासारखा विकार जडूं शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढें कांहीं कामाचा नाहीं. हें काम घराच्या गच्चीवर किंवा सज्जांत करूं नये. योग्य मुखवटा, हवेची सोय आणि अनुभव असलेल्या रंगाऱ्याकडेच द्यावें. तसेंच चित्र लौकर वाळावें म्हणून टाकीवर गरम हवेचें यंत्र धरूं नये. रिकाम्या टाकींतहि पेट्रोलची वाफ असते, आणि ती द्रवरूप पेट्रोलपेक्षां कमी धोक्याची नसते.

आतां मूळच्या नाममुद्रेविषयीं. आपल्या भाग्यानें जर टाकीवर कारखान्यांतलें नांव अजून असेल, मग तें अर्धें झिजलेलें कां असेना, तर त्याला अगोदर कांहींहि लावूं नका. प्रथम त्याची नोंद करा. शेजारीं मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्या. झांकणापासून आणि शिवणीपासून अंतरें लिहून ठेवा. एवढें झालें म्हणजे पुढें कांहीं बरें-वाईट झालें तरी निदान दाखला उरतो. धूळ काढावयाची ती मऊ कुंचल्यानें झाडून, घांसून नव्हे. मळ काढणें भागच असेल तर कापसाच्या बारीक बोळ्याला शुद्ध पाणी लावून, आधीं एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यांत पाहून, मग अक्षराकडे वळावें. स्पिरिट, थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन ह्यांची बाटली त्या खोलींत आणूंच नये. रंग शाबूत असेल तेथें पांढऱ्या शुद्ध मेणाचा अगदीं विरळ हात चालतो. तोहि परीक्षा करून, कारण कांहीं मेणांत द्रावक असतात. मेणानें पाणी आणि बोटांचे डाग अडतात. पेट्रोल अडत नाहीं, हें विसरूं नये. पापुद्रे सुटत असतील तर तें काम आपलें नव्हे. तें वस्तुसंग्रहालयाच्या कामाची माहिती असलेल्या जाणकाराचें आहे. अलीकडे संपूर्ण टाकीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटविण्याची पद्धत निघाली आहे. नव्या, घट्ट रंगाला तो ठीक. पण जुन्या अक्षरांवर तो लावला तर काढतांना आपल्या गोंदाबरोबर अक्षरेंहि घेऊन जाण्याचा संभव असतो.

बाकीचें रक्षण संवयींचें आहे, आणि संवयींना पैसा पडत नाहीं. पेट्रोल भरतांना झांकणाच्या तोंडाभोवतीं जाड सुती फडकें गुंडाळा, आणि पंपावरच्या माणसाला नळी सावकाश सोडायला सांगा. टाकी गळ्यापर्यंत भरूं नका. पेट्रोल उष्णतेनें फुगतें. १३ लिटर पेट्रोल २० अंशांनीं तापलें तर तें जवळजवळ पाव लिटरनें वाढतें, आणि तें पाव लिटर झांकणाच्या भोंकांतून थेट नांवावर ओघळतें. झांकणाखालची चकती कडक झाली असेल तर बदला; ती चार पैशांची वस्तु, तिच्या हलगर्जीपणानें हजारोंचें काम जातें. थेंब पडलाच तर पुसूं नका, टिपा, आणि मग पाण्याचें बोट फिरवा. गाडी सावलींत उभी करा. आवरण प्लॅस्टिकचें नको, सुती कापडाचें घाला, आणि तेंहि गाडी कोरडी झाल्यावर. टेम्पोंतून न्यावयाची असेल तर दोर हँडलच्या खालच्या भागाला आणि चेसिसला बांधा, टाकीवरून एकहि दोर जाऊं देऊं नका.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांतली. दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतों. करावीच, वर्षभर भार वाहणाऱ्या यंत्राबद्दल कृतज्ञता दाखविणारा तो सुंदर प्रघात आहे. परंतु हळदीचा डाग पडतो, आणि ओलें कुंकू जुन्या रोगणांत मुरतें. तेव्हां बोटें टाकीवरच्या नांवाला न लावतां पुढच्या मडगार्डच्या लोखंडी पट्टीला किंवा नंबराच्या पाटीला लावा. झेंडूचा हार हँडलला बांधा, पण तो टाकीवर रुळणार नाहीं इतका आंखूड ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीं सुकण्यापूर्वीं काढा. ओल्या फुलांचा रस आणि वाऱ्यानें हलणारा दोरा ह्या दोघांनीं मिळून रात्रभरांत कडेचें सोनें घालविणें अशक्य नाहीं.

शेवटीं एका मोहाविषयीं सांगून संपवितों. अर्धें पुसलेलें नांव पाहून मालकाला चुटपुट लागते. येणारा पाहुणा म्हणतो, "एवढी छान गाडी, नांव तेवढें नवीन लावून घ्या कीं!" असा सल्ला देणारे पुष्कळ असतात, आणि ते वाईट हेतूनें देत नाहींत. त्यांना एवढेंच सांगावें कीं, नवें चित्र आज, उद्यां, दहा वर्षांनींहि लावतां येईल. त्याला कधींच उशीर होत नाहीं. जुनें मात्र खरवडलें कीं खरवडलें. ज्या निर्णयाला उशिरानें कांहीं बिघडत नाहीं तो उशिरानेंच घ्यावा, हा शहाणपणा संसारांत आपण पुष्कळ ठिकाणीं पाळतों, येथेंहि पाळावा. त्याचप्रमाणें, नवें चित्र लावलें असेल तर तें नवें म्हणून सांगावें. त्याला मुद्दाम घांसून जुनेपणाचा आव आणणें म्हणजे बनावट दस्तऐवजाला चहाच्या पाण्यांत बुडविण्यासारखें आहे. जीर्णोद्धार हें सन्मानाचें काम आहे. त्याला लपविण्याचें कारण नाहीं. गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक साधी वही ठेवावी, आणि कोणत्या सालीं काय बदललें, कोणतें रोगण लावलें, कोणतें नांव मूळचें आणि कोणतें नवें, हें तींत लिहावें. आपल्या मागून ती गाडी ज्याच्या हातीं जाईल, त्याला ही वही चकचकीत टाकीपेक्षां अधिक उपयोगी पडेल.

आजोबांनीं घेतलेली, वडिलांनीं चालविलेली एखादी जुनी गाडी आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं जिन्याखालीं उभी असेल. तिचें काय करावयाचें तें सावकाश ठरवा. पण रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीं एकदां दिवा घेऊन तिच्या टाकीजवळ बसा, आणि धुळीखालीं नांवाचीं कांहीं अक्षरें उरलीं आहेत का, तें पाहा. उरलीं असतील तर फडकें बाजूला ठेवा आणि आधीं त्यांचें छायाचित्र घ्या. आजच्या रात्रीपुरतें एवढें काम पुरें आहे.